उद्यापन नसलेलं व्रत

आमच्या मामंजींचा उजवा पाय आज जागेवर आहे आणि मी या घरात आहे, या दोन्ही गोष्टी आमच्या आत्याबाईंमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे डॉक्टर येतील, देव येतील, शेजारीपाजारी येतील आणि जो तो आपला वाटा मागेल. डॉक्टरांचा वाटा आहे, नाही कोण म्हणतं? देवाचं मला माहीत नाही. त्याला त्या वर्षी रत्नागिरीत दुसरी कामं असावीत. पण पाय राखला तो आत्याबाईंनी, आणि तोही देवाच्या नावावर धडधडीत खोटं बोलून.

आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, माझ्या आत्येसासूबाई. लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आल्या त्या कायमच्याच. लाल आलवण, हातात जपमाळ, आणि जीभ अशी की नारळ सोलायला कोयती नको. एकादशी, प्रदोष, चतुर्थी, सोमवार, गुरुवार. त्यांच्या पंचांगात जेवायचे दिवस शोधावे लागत. मला आधी त्यांची फार कीव यायची. मग हळूहळू ध्यानात आलं की एरवीच्या ताटात त्यांना होतं तरी काय? कांदा नाही, लसूण नाही, मसुरी नाही, रात्री भात नाही. उपासाच्या दिवशी मात्र साबुदाण्याची खिचडी असे, वर ओलं खोबरं, आणि ती त्या डोळे मिटून खात. एकदा धीर करून मी विचारलं, की आत्याबाई, तुम्हाला देव जास्त आवडतो का खिचडी?

"दोघं एकाच दिवशी येतात गो," त्या म्हणाल्या, "मी कशाला त्यांची वाटणी करू?"

मी घाटावरची. कऱ्हाडच्या पलीकडचं आमचं गाव. घराणं मूळ कोकणातलंच, पण आजोबा घाट चढून गेले ते गेलेच. मी मराठी चौथीत होते, गणितात पोरांच्या पुढे होते, तेवढ्यात रत्नागिरीचं स्थळ सांगून आलं आणि शाळा संपली. आंबा घाट उतरताना मोटारीत ओकत ओकत सासरी आले. मग काही महिन्यांनी यजमान मुंबईला नोकरीवर गेले आणि मी इथे राहिले. इथल्या माणसांचं बोलणं गाण्यासारखं हेल काढून. पहिले काही दिवस मला वाटायचं, शेजारच्या जावाजावा एकमेकींची समजूत घालताहेत. मग कळलं, भांडताहेत.

स्वभावाने मी भित्री. कुणाच्या रोगाचं वर्णन ऐकलं की तो मला झालाच. आणि आमच्या आळीत तर वर्णनांना तोटा नव्हता. संध्याकाळी आमच्या ओटीवर चार पुरुष जमत. त्यांतल्या तिघांना एकेक रोग होता आणि तो त्यांना हुद्द्यासारखा वाटे. पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना दमा होता. भटजींना संधिवात. वखारवाल्यांना मूळव्याध होती, पण तिच्याबद्दल त्यांना कुणी बोलू देत नसे, म्हणून ते जरा कडवट झाले होते. मामंजींना काहीच नव्हतं. कचेरीत जन्मभर कारकुनी केली तरी ओटीवर ते उमेदवारच. मास्तर खोकून खोकून रात्रीची कहाणी सांगत आणि मामंजी नुसती मान हलवत.

त्या उन्हाळ्यात मामंजींना तहान लागू लागली. उन्हाळ्यात तहान सगळ्यांनाच लागते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तांब्यावर तांब्या रिकामा होई आणि मामंजी उठून परसात फणसाखाली जात. त्या फणसाखाली तांबड्या मुंग्यांची रीघ लागली. सासूबाई म्हणाल्या, फणस पिकला असेल. सदऱ्यात मामंजी सैल दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, धोब्याने सदरा ओढून वाढवला. त्या अशाच. घरात काही वाईट शिरलं तर त्याला चांगलं नाव देऊन पाट मांडायच्या.

मग नव्या वहाणेने पायाच्या बोटाला फोड आला. तो फुटला, तरी मामंजींना दुखेना. ओटीवर त्यांनी ते कौतुकाने सांगितलं, की बघा, एवढी जखम आणि मला पत्ता नाही. सासूबाईंनी हळद-चुना लावला, मग कोरफड लावली, मग लोणी लावलं. बोट बरं व्हायचं नाव घेईना. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण, मुंबईला शिकून आलेले. अंडी खातात असा त्यांच्याविषयी प्रवाद होता. त्यांनी मामंजींची लघवी मागितली. मामंजी संकोचले, पण दिली. डॉक्टरांनी काचेच्या नळीत कसलंसं निळंभोर पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी आपला जांभा चिरा असतो तसं तांबडं. सासूबाई म्हणाल्या, रंग छान आला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"मधुमेह आहे," ते म्हणाले. "भात बंद. साखर, गूळ, गोडधोड बंद. पाय जपा. बोट काळं पडून काळेपणा वर चढू लागला तर पाय घोट्यापासून कापावा लागेल."

पुढेही काही सांगायच्या बेतात होते, तोच माडावरून पडलेल्या एका माणसाला डोलीतून आणलं आणि डॉक्टर तिकडे धावले. हे सगळं घरी आल्यावर मला सासूबाईंनी सांगितलं.

मामंजींच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्याखाली थोडा तोराही होता, खोटं कशाला सांगू? मधुमेह हा राजरोग. ओटीवर मास्तरांचा दमा एका दिवसात मागे पडला. मी मात्र घागरीपाशी उभी राहून विचार करत होते, की आज आपणही तीनदा पाणी प्यायलो. दुपारी गुपचूप फणसाखाली जाऊन मुंग्या माझ्यासाठी आल्यात का तेही बघून आले.

आता इथे मुद्दा नीट समजून घ्या. घाटावर भात बंद केला तर माणूस भाकरी खातो. कोकणात, निदान आमच्या घरात, भात बंद म्हणजे जेवण बंद. आणि जेवण बंद म्हणजे उपास. उपासाला काय खातात हे का कुणाला शिकवायला हवं? डॉक्टरांनी मामंजींना जन्माचा उपास सांगितला, असंच घरातल्या प्रत्येकाने धरलं. मीही धरलं. सासूबाईंनी डोळे पुसले, कंबर बांधली आणि नवऱ्याला उपाशी मरू द्यायचं नाही असं ठरवलं.

सकाळी रताळ्याचा कीस. दुपारी साबुदाण्याची खिचडी. वरीचे तांदूळ, त्यावर दाण्याची आमटी. बटाट्याची उपासाची भाजी. मधेच केळं, मधेच चार खजूर. शिवाय वैशाख होता आणि दारात हापूस. आंबा म्हणजे फळ, फळाला दोष नाही. बरका फणस पिकला, तर गरेही फळातच. साखरेचा कण मात्र घरात दिसू द्यायचा नाही. सगळं मीच करत होते आणि मन लावून करत होते. मामंजी जेवायला बसले की सासूबाई पंख्याने वारा घालत आणि म्हणत, कसले हे हाल. बघायला बायका येत. एक म्हणाली, ऋषिमुनींनी तरी असं काय वेगळं केलं? मामंजी आंब्याची कोय चोखत विरक्तपणे हसले.

मामंजी पुन्हा तपासायला गेले तर नळीतलं पाणी आणखी गडद तांबडं. बोट टोकाला काळं पडलेलं. डॉक्टर चिडले. पथ्य मोडलंय म्हणाले. मामंजींचा असा अपमान कचेरीतही कुणी केला नव्हता. भाताचं शीत जिभेला लावलेलं नाही, असं त्यांनी जानवं हातात धरून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग शीत कुणीतरी चोरून भरवतंय.

चोरून कोण भरवणार? सासूबाई भरवणार नाहीत. आत्याबाई भरवणार नाहीत. राहिली मी. वखारवाल्यांच्या बायकोने तर दुसरंच काढलं. हिचं पाऊल घरात पडलं आणि सासऱ्याचं पाऊल निकामी झालं, ही काय आज कळायची गोष्ट आहे का? ते सासूबाईंच्या मनात बसलं. त्या दुष्ट नव्हत्या हो, घाबरल्या होत्या. त्या मला प्रेमानेच म्हणाल्या, की आता मिरगाचा पाऊस लागायच्या आत माहेरी जाऊन ये, दिवाळीनंतर बघू.

"बघू" हा शब्द मला ठाऊक होता. आमच्या गावची एक पोर अशीच "बघू" म्हणून परत आली होती. तिला न्यायला अजून कुणी आलेलं नाही. मी ट्रंक ओढून काढली आणि तिच्यावर बसून रडले.

आत्याबाईंनी मला तिथे पाहिलं. माळ ओढत निघून गेल्या. पण पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना म्हणाल्या, हिला बरोबर घ्या, रांधते ही, जबानी हिची घ्या. आणि सुनेने परक्या पुरुषापुढे एकटीने तोंड उघडायचं नाही म्हणून त्या स्वतः सोबत आल्या. दवाखान्याच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि माळ ओढू लागल्या.

डॉक्टरांनी मला विचारलं, काल सकाळपासून यांनी काय काय खाल्लं? आतापर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं. भात खाल्ला का एवढंच विचारत. मी घाबरत घाबरत सगळं म्हटलं, किसापासून गऱ्यांपर्यंत. शाळेत कविता म्हणत असे तसं, एका दमात. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"हे सगळं कशासाठी?"

"उपास आहे ना त्यांचा."

"कुणी सांगितला?"

"तुम्हीच."

डॉक्टर हसले नाहीत. डोकं हातांत धरून बसले. मग त्यांनी खुर्ची मामंजींच्या समोर ओढली आणि आमच्या रोगाची गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला समजेल अशी सांगितली. साखर काय नुसती डब्यात असते का? जे जे पिठूळ आहे ते पोटात गेलं की त्याची साखरच होते. तांदूळ काय, साबुदाणा काय, रताळं काय. धक्क्यावर गलबतातून माल उतरतो, तो हमाल उचलून वखारीत नेतात. तुमच्या शरीरातले हमाल थकलेत. माल उतरतोच आहे, पण आत न्यायला माणसं नाहीत, म्हणून तो धक्क्यावर पडून कुजतो. घरात माल नाही म्हणून तुम्ही वाळताय आणि धक्क्यावर कुजतंय म्हणून पाय सडतोय. नवे हमाल मिळतात, सुईने टोचायचं औषध आहे. पण ते मुंबईहून यायचं, गारव्यात ठेवायचं, आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या बेतात. तेव्हा आता एकच उपाय, माल कमी उतरवा. कोवळ्या भाज्या, ताक, थोडं कडधान्य, लहानशी नाचणीची भाकरी. बस्स. नाहीतर पाय.

पडवीत माळ थांबली होती.

घरी आल्यावर मला वाटलं, सुटले. कसली सुटते? सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उपासाच्या पदार्थाने कधी कुणाचा पाय गेलाय का? देवाला चालतं ते डॉक्टरला चालत नाही? अंडी खाणाऱ्याने आम्हाला फराळ शिकवू नये. मी म्हणायला गेले, की अहो, हमाल... तर मला म्हणाल्या, तू ट्रंक भर. आणि मामंजी, ज्यांचा पाय, ते मुकाट्याने खिचडीच्या ताटावर बसले. त्यांनाही काय म्हणावं? भूक लागलेली होती, आणि समोर आयुष्यभराची बायको पंखा घेऊन बसली होती. डॉक्टर त्या पंख्याला कुठे पुरे पडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई आंघोळ करून, ओलेत्यानेच देवघरातून बाहेर आल्या आणि सासूबाईंना हाक मारली. म्हणाल्या, भाऊने व्रत धरायचं आहे. आदेश झालाय. कुणाचा, कसा, काही नाही. त्यांनी इतकी वर्षं इतके उपास केले होते, की त्यांना आदेश होणारच नाही असं म्हणायची कुणाची छाती? उपासाच्या बाबतीत आमच्या आळीत त्या म्हणजे हायकोर्ट. भटजीसुद्धा अडलं की त्यांना विचारून जात.

नियम त्यांनी चुलीपुढे उभं राहून सांगितले. या व्रताला मातीखालचं चालत नाही. म्हणजे रताळं, बटाटा, अळकुडी, सुरण गेले. पांढरं शिजवायचं नाही. तांदूळ, वरी, साबुदाणा गेले. झाडावर पिकलेलं गोड तोंडात घालायचं नाही. आंबा, फणस, केळं, खजूर गेले. पडवळ, दोडकं, कारलं, भेंडी, पालेभाजी, मूग, कुळथाचं पिठलं चालतं. नाचणीची तळहाताएवढी भाकरी एकवेळ. ताक पांढरं आहे, पण ते गाईचं, आणि शिजवलेलं नाही. नारळ चटणीपुरता, तो श्रीफळ.

मी चुलीशी फुंकणी धरून बसले होते. हसू दाबताना माझ्या नाकातोंडात राख गेली. डॉक्टरांचा शब्द न् शब्द बाईंनी भिंतीकडे तोंड करून टिपला होता आणि त्याला सोवळं नेसवून घरात आणलं होतं.

सासूबाईंनी हात जोडले. कुठल्या देवाचं हे व्रत, एवढं तरी सांगा म्हणाल्या.

"नाव घेतलं तर फळ जातं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी कारकून माणूस, ते एवढ्यावर गप्प बसतात? त्यांनी पाटावरूनच फाटा फोडला. मला कारली, आणि तू समोर बसून खिचडी खाणार, हे बरं आहे.

आत्याबाई थांबल्या. क्षणभरच, पण मी पाहिलं. त्यांनी खिचडीच्या पातेल्याकडे बघितलं, मग त्या काळ्या पडलेल्या बोटाकडे.

"हे व्रत जोडीने करायचं असतं, मेल्या," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासोबत आहे. तू सोडलंस तर माझंही मोडेल, आणि ते पाप तुला."

थोरल्या विधवा बहिणीचं व्रत मोडायचं पाप. साखरेला न भ्यालेला माणूस याला भ्याला. माझी ट्रंकही परत माळ्यावर गेली, कारण व्रताचं सोवळ्यातलं रांधप सुनेनेच करायचं असतं, असाही एक नियम आत्याबाईंना जाता जाता आठवला.

पहिले दिवस वाईट गेले. मामंजी दोडक्याकडे बघून उसासे टाकत. ओटीवर वखारवाले मुद्दाम आंब्याचा वास हाताला घेऊन येत. एकदा मामंजींनी सासूबाईंकडे केळं मागितलं. सासूबाई विरघळल्याही असत्या, पण नणंदेचं पाप डोक्यावर कोण घेणार? त्यांनी केळं गाईला घातलं आणि ढळाढळा रडल्या. नळीतलं पाणी चिऱ्यासारख्या तांबड्याचं नारिंगी झालं, मग पिवळं. ते काळं बोट डॉक्टरांनी काढून टाकलं, पण काळेपणा तिथेच थांबला. पावसात जखम भरत आली. ज्या दिवशी नळी नुसती हिरवी झाली, त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे जमवलंत कसं? मी पडवीकडे बोट दाखवलं. पडवीत माळ जोरात फिरत होती.

गणपती जवळ आले तशी सासूबाईंनी गूळ मागवला. मामंजी काठी टेकत अंगणात फिरू लागले होते. व्रत फळलं, आता उद्यापन करू, सवाष्णी जेवायला बोलावू, उकडीचे मोदक करू, मामंजी पहिला मोदक खातील. यादीसुद्धा मनात तयार होती. मला घाम फुटला. कारण शेवटच्या खेपेला मी भीत भीत डॉक्टरांना विचारलं होतं, की आता बरे झाले ना? ते म्हणाले होते, जखम बरी झाली, रोग नाही. हा जावयासारखा असतो. आला की जन्मभराचा. रुसू दिलं नाही तर निमूट बसतो.

हे सासूबाईंना कोण सांगणार? मी आत्याबाईंच्या पायाशी जाऊन बसले आणि सांगितलं. त्यांनी माळ कपाळाला लावून खाली ठेवली. मला वाटतं, त्यांनीही उद्यापनाची वाट पाहिली असेल. व्रत त्यांनी मनानेच रचलं होतं, पण चांगलं चार महिन्यांत संपेल अशा बेताने रचलं असेल. मग उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"या व्रताला उद्यापन नाही गो," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंचे हात गुळात तसेच राहिले. उद्यापन नाही असं व्रत त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या नणंदेकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वन्सं, हे व्रत तुम्हीच केलंत ना?"

"पाय आहे ना जागेवर?"

"आहे."

"मग गूळ झाकून ठेव. मुंग्या येतील."

सासूबाईंनी गूळ झाकला. त्या वर्षी मोदक नैवेद्याला झाले, मामंजींनी नमस्कार केला आणि पडवळाची कोशिंबीर खाल्ली. सासूबाई त्यानंतर या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. पण मला त्या दिवसापासून "सूनबाई" सोडून लेकीला म्हणतात तसं "बाय" म्हणू लागल्या, आणि वखारवाल्यांच्या बायकोला आमच्याकडे चहा मिळेनासा झाला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मामंजी आहेत, ओटीवर मास्तरांपेक्षा वरच्या जागेवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हमालांची गोष्ट सांगतात. जणू स्वतःच शोधली. आत्याबाईही आहेत आणि त्यांचं व्रत चालूच आहे. एकादशीला ताक आणि उकडलेलं दोडकं. शेजारी कुणी जिऱ्याची फोडणी देऊन साबुदाणा परतला की त्यांची माळ मंदावते. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, मामंजी झोपलेत, वाटीभर करून देते. तर म्हणाल्या, त्याच्या पायाला कळत नसलं तरी नाकाला अजून कळतं.

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस करते आहे. एक दिवस मी तुम्हाला मोटारीत बसवून घाट चढवणार आहे. तुम्हीही ओकाल, ओका. माझ्या माहेरी मामंजींचं नाक पोचत नाही आणि तिथे तुमच्या व्रताचं नावही कुणी ऐकलेलं नाही. तिथे आईच्या चुलीपुढे तुम्हाला पाट मांडीन, दाण्याचं कूट आणि तूप हात सैल सोडून घालीन, वर ओलं खोबरं इथूनच घेऊन जाईन, आणि तुम्ही पूर्वीसारखे डोळे मिटून खाईपर्यंत वाढत राहीन. ते व्रत मोडल्याचं पाप जे काही असेल ते माझ्या नावावर. तुमचं ऋण त्याने फिटेल असं नाही, पण फेडायला कुठून तरी सुरुवात करायला हवी, आणि मी करणार आहे.